बदकाची सीडी

बाळांनो, आत्या तुमच्यासोबत कार्टून का पाहत नाही, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून ही आजी लिहिते.

तिला पाहायला लालबर्र्याहून मंडळी आली होती. सोबतच्या मुलांसाठी मी सिनेमाची सीडी लावून दिली. त्यात एक लठ्ठ बदक कराटे शिकतं आणि सारखं धडपडतं. आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन आली, नेमकं तेव्हाच ते बदक दारात अडकलं.

नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "हे तं तुमच्या पोरीवानीच आहे."

सगळे हसले. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मीही हसले.

तरी नकारच आला. आत्याने एवढंच विचारलं, "आई, तू काहून हासली?"

त्यानंतर ती कोणासमोर ट्रे घेऊन गेली नाही.

सीडी अजून कपाटात आहे आणि नीट चालते.