हुंगलेलं फूल

निशिगंधाच्या जुडीभोवतीचा ओला कागद सोडला की मला चर्चमधली एक शनिवारची दुपार आठवते. बाबांची बँकेतून बदली झाल्यामुळे आम्ही बेहाला नावाच्या बंगाली उपनगरात राहत होतो. शेजारच्या ख्रिस्ती बाई दर शनिवारी वेदीवरची फुलं लावायला जायच्या आणि जुड्या धरायला आई नि मी कधीकधी सोबत असायचो. आत मेणाचा आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास असे. बाई प्रत्येक दांडा नाकाशी नेऊन सावकाश हुंगायच्या, मगच पितळी फुलदाणीत ठेवायच्या. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे आईनं पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. “त्यानंच केलंय ना? मग आभार मानायला नकोत?” एवढंच त्या हिंदीत म्हणाल्या. आईला ते काही पटलं नाही. पुढे साथीच्या तापात बाईंना वास येईनासा झाला. बऱ्या होऊन त्या पुन्हा फुलं लावायला आल्या, तेव्हाही प्रत्येक दांडा तसाच नाकाशी जात होता. आईनं विचारलं, “येतो का काही वास?” “नाही,” म्हणत त्यांनी पुढचा दांडा उचलला. मग आईनं तो त्यांच्या हातातून घेतला, डोळे मिटून हुंगला आणि परत देत म्हणाली, “आहे, दीदी. चांगला आहे वास.” बाईंनी तो मधोमध लावला. आमच्या देव्हाऱ्यासाठी मी आजही फुलं नाकापासून लांब धरूनच आणतो. वास यायचा तो येतोच.