खिडकीजवळच्या खाटेवरची देवी

सर्व भाविकांना, नातेवाइकांना आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या समस्त शेजारणींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, शहरातल्या एका रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर, प्रस्तुत लेखिका काही दिवस देवी होती. साधीसुधी नव्हे, नैवेद्य घेणारी, पाया पडून घेणारी देवी. घरातच वेगळ्या खोलीत पडलेल्या आमच्या यजमानांना हे फोनवर सांगितलं, तेव्हा ते खोकत खोकत म्हणाले की, घरी येताना तेवढी माणसात येऊन ये, देवीला भांडी घासायला सांगता येत नाही.

आज हसून सांगते आहे, पण ज्या सकाळी मी देवी झाले, त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी देवीशी बोलणं सोडलं होतं. कर्णपुऱ्याच्या देवीला दर नवरात्रात अनवाणी जाणारी मी. त्या दिवशी दुपारी समोरची खाट रिकामी झाली. चादर बदलली गेली, उशी झटकली गेली, आणि त्या बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं. माझा श्वास चार शब्दांत संपत होता. नाकातोंडावर मास्क, आणि उशाशी ऑक्सिजनच्या बाटलीत पाण्याची अखंड बुडबुड. तापात ती मला आमच्या शहरातल्या जुन्या पाणचक्कीच्या हौदात पडणाऱ्या पाण्यासारखी ऐकू यायची. वाटायचं, मी हौदाच्या काठावर निजले आहे आणि कुणीतरी मला उठवायला विसरलं आहे. मी मनात म्हटलं, आई, तू इथं येतेस का? की आत यायला तुलाही ते पांढरं प्लास्टिकचं सोंग चढवावं लागतं, म्हणून कंटाळतेस? मी घरी जाणार की नाही, एवढं तरी सांग. एक खूण दे. फूल पडू दे, पाल चुकचुकू दे, काहीही चालेल. काहीच झालं नाही. मग मी म्हटलं, राहू दे, आणि भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी उजाडलं तेव्हा माझ्या छातीवर, पाठीवर, दोन्ही दंडांवर लालगुलाबी पुरळ उठलं होतं. गोवरासारखं, एकमेकांत मिसळलेलं, आणि खाज अशी की विचारू नका. मी एक खूण मागितली होती, तिनं घाऊक पाठवल्या होत्या.

त्वचेचे डॉक्टर आले. वयानं लहान, पांढऱ्या किटच्या पाठीवर निळ्या पेननं नाव लिहिलेलं. त्यांनी एक चट्टा बोटानं दाबला, लाली गेली, बोट उचललं, परत आली. ते म्हणाले की या आजारात काहींच्या अंगावर असं उठतं. कुणाला गोवरासारखं, कुणाला पित्तासारख्या गांधी, कुणाला बारीक पाण्याचे फोड. याचं फारसं भय नाही, आपोआप जाईल. मात्र पायांची बोटं जांभळी पडली तर लगेच सांगा. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतल्या मोबाइलवर माझ्या पुरळाचे फोटो घेतले. गणेशोत्सवातल्या नाटकांत पंचवीस भूमिका वठवलेली बाई मी, श्वास नसतानाही त्यांना सुचवलं की डावी बाजू जास्त चांगली येते. या सगळ्या फोटोसमारंभात बोटांची सूचना मात्र मी पार विसरून गेले.

शेजारच्या खाटेवर पिशोर गावच्या एक म्हाताऱ्या मावशी होत्या. मुलानं फाटकापर्यंत आणून सोडलं होतं, पुढं त्यालाही परवानगी नव्हती. आल्यापासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. मास्क काढून टाकायच्या आणि सिस्टरनं पुन्हा लावला की एकच वाक्य म्हणायच्या, मला पिशोरला नेऊन टाका. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, पाहिली होती ती फक्त पाठ. डॉक्टर गेले आणि मी वळून बघते, तर मावशी उठून बसलेल्या. डोळे माझ्या दंडावर खिळलेले. त्यांनी हळूच हात जोडले.

"आई, कवा आलीस?"

मी सांगून पाहिलं की मावशी, हे आजाराचं पुरळ आहे, डॉक्टरांनीच सांगितलं आत्ता. त्यांनी कौतुकानं मान हलवली.

"डाक्टर चांगलाय. पण पोरगं हाय त्ये. त्यानं देवी कुठं पाह्यली? आमी पाह्यली."

आमच्याकडं ही रीतच आहे. घरात गोवर, कांजिण्या, अंगावर काहीही लाल उठलं की तो आजार नसतो, बाई आलेल्या असतात. मग घरात फोडणी द्यायची नाही, कुणी कुणावर ओरडायचं नाही, उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा, आणि आजारी माणूस जे मागेल ते देवीनं मागितलं असं समजायचं. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतंच. मावशींनी झाडलोट करणाऱ्या बाईंना काय सांगितलं कोण जाणे, दुपारपर्यंत माझ्या सलाइनच्या स्टँडला हिरवागार डहाळा बांधलेला होता. सिस्टर आल्या, थबकल्या. किटच्या आत त्या हसल्या की रागावल्या ते कळायला मार्ग नव्हता. नळीला पानं लागू देऊ नका, एवढंच म्हणाल्या.

देवीपण लगेचच अंगाशी आलं. जेवणात वरण आलं, त्यावर मोहरी तरंगत होती. मावशींनी ते परत पाठवलं. देवी बसलीय आणि फोडणीचं आणता व्हय? उरला दहीभात. त्यांनी स्वतःचं ताट माझ्यापुढं धरलं, नैवेद्य म्हणून. मी मास्क सरकवून दोन घास घेतले. दोघीही पॉझिटिव्ह, उष्ट्याला आता काय भ्यायचं? ताट परत दिलं, तर त्यांनी ते नेहमीसारखंच बाजूला ठेवलं. तेव्हा माझ्यातली नटी जागी झाली. उरलासुरला श्वास गोळा करून, तिसऱ्या अंकातला आवाज काढून मी म्हटलं, "माझा प्रसाद टाकतेस?"

मावशी दचकल्या. ताट मांडीवर घेऊन त्यांनी शितन् शीत संपवलं. मग मी मास्ककडे नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तो मुकाट चढवला आणि त्यानंतर कधी काढून टाकला नाही. सिस्टर दारातून बघत होत्या. पुढं रोज त्या मावशींच्या गोळ्या आधी माझ्या हातात देऊ लागल्या, आणि देवी त्या मावशींना देऊ लागली.

रोज सकाळी मावशी स्वतःच्या खाटेच्या कडेला यायच्या, ऑक्सिजनची नळी पुरेल तेवढं वाकायच्या आणि माझ्या तळपायांना कपाळ टेकायच्या. त्यांचं कपाळ गरम असायचं, जरासं घामेजलेलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी संकोचले. नंतर मला ते आवडायला लागलं. इतक्या दिवसांत मला हातमोजे न घालता शिवलेलं तेवढं एकच माणूस होतं.

ताप चढत-उतरत राहिला. दिवस कुठं सुरू होतो कळेनासं झालं. लिंबाची सावली भिंतीवरून पांघरुणावर उतरायची, पांघरुणावरून हातावर, आणि हातावरचे लाल चट्टे त्या सावलीत फुलांसारखे दिसायचे. कधी वाटायचं मीच झाड आहे. पांढरी माणसं ढगांसारखी यायची आणि जायची. एका सकाळी मी पाणचक्कीच्या हौदात उतरले. खरोखरच उतरले असं वाटलं. पाणी गार होतं, घोट्यांपर्यंत आलं, आणि पायांतलं लहानपणापासूनचं सगळं चालणं त्या पाण्यात विरघळायला लागलं. कुणीतरी माझे पैंजण सोडत होतं. इतका आराम मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. मी म्हटलं, एवढं सोपं असतं होय? आणि आणखी एक पायरी उतरायला पाय उचलला.

पण पाय उचलेना. कुणीतरी धरला होता. आणि फार लांबून रडणं ऐकू येत होतं.

"आईचे पाय गार पडले. देवी निघाली. कुनी तरी या, ओ, देवी निघाली."

मावशींनी माझी दोन्ही पावलं छातीशी धरली होती. त्यांचा मास्क गळ्यात आला होता. सिस्टर त्यांना आवरायला धावत आल्या, त्यांचे हात सोडवायला गेल्या, आणि माझ्या पायांकडं बघून थांबल्या. पांघरूण वर सरकवलं. मी मान उचलून पाहिलं, तर माझी बोटं पिकल्या जांभळांसारखी झाली होती. मला काहीही दुखत नव्हतं. मग पांढरी माणसं एकदम खूप झाली, कुणी रक्त घेतलं, कुणी पोटात सुई टोचली, माझी खाट कुठंतरी नेली आणि परत आणली. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की रक्तात बारीक गुठळ्या धरायला लागल्या होत्या, त्या आधी पायांवर दिसल्या, औषध वेळेत वाढवता आलं. मी विचारलं, पांघरुणाखाली कुणी पाहिलंच नसतं तर? ते म्हणाले, पाहिलं ना कुणीतरी, तेवढंच धरा.

मी तेवढंच धरलं आहे. मला खूण हवी होती ती माझ्यासाठी, वाचायलाही मीच हवी होते. ती माझ्या अंगावर उमटली आणि वाचली पिशोरच्या एका म्हातारीनं, तीही डॉक्टरांच्या शास्त्रानुसार साफ चुकीची. त्या चुकीनं ती जेवली, आणि त्याच चुकीनं तिनं माझे पाय धरले. मी देवीचं सोंग घेऊन मजा करत होते, तेव्हा खरी देवी कुठल्या खाटेवर होती, या चौकशीत आता मी पडत नाही. पायरीवर उचललेला पाय धरणारे हात मला मिळाले. स्वतःला सोपवणं म्हणजे फार काही थोर करणं असतं असं मला वाटायचं. ते बहुधा एवढंच असतं, आपले पाय दुसऱ्याच्या हातात आहेत हे कबूल करणं.

मावशी माझ्याआधी घरी गेल्या. मी तेव्हा गुंगीत होते, त्यांना बघताही आलं नाही. डहाळा वाळला, पुरळ फिकं पडत गेलं, बोटांची सालं निघाली. रस्ते मोकळे झाले तेव्हा एक लुगडं आणि नारळ घेऊन मी पिशोर गाठलं. मावशी अंगणात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या, अंगानं चांगल्या भरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सुनेला विचारलं, मतदानाच्या कामाची बाई आली का? मी नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला, खिडकी सांगितली. त्यांनी मान हलवली, नाय. ती लाल होती, तोंडावर तेज होतं तिच्या. ही कोन गोरीमोरी?

आता देवीला देवीपण सिद्ध करायची पाळी आली. काय करणार? मी चपला काढल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसले. मावशींची नजर खाली आली. उजव्या अंगठ्याचं नख अजून काळसर होतं. त्या मक्याचं कणीस टाकून पुढं सरकल्या, दाण्यांच्या भुशानं भरलेल्या हातांनी माझी पावलं चाचपली, गरम आहेत का ते पाहिलं, आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आगं बया, हे तर आपले पाय!"