केळीची एक ओळ

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी अंधेरीच्या एका कंपनीत लॅपटॉपच्या प्रोसेसरचा आराखडा काढायचे आणि राहायचे नंदाखालला, आमच्या केळीच्या वाडीत. चिपमधला चित्रं दाखवणारा भाग माझ्याकडे होता. तो मी इतका लहान केला की साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. चिप लहान तर सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त निघतात, स्वस्त पडतात. मी हवेत होते.

त्याच हवेत घरीही अक्कल पाजळली. बाबा वाडीला दोन पाटांनी पाणी द्यायचे. "एक पाट बुजवा, तिथे केळीची एक ओळ बसेल," मी म्हटलं. आईचंही कधीपासून हेच म्हणणं होतं. बाबा हसले आणि फावडं माझ्याच हातात दिलं.

ओळ लागली. पण सगळं पाणी एकाच पाटातून न्यायचं म्हणजे पंप जोरात चालवणं आलं. डिझेल जास्त जायचं आणि बांध सारखा फुटायचा. बाबा चिखलात उभे राहून म्हणाले, "पळवलंस की पाणी बांधावर राग काढतं. चालू दे त्याला, पोचतं आपसूक."

त्याच आठवड्यात ऑफिसात आमची चिप बसवलेला नमुन्याचा लॅपटॉप आला. सिनेमा लावला तर मांडी भाजली, आणि सिनेमा संपायच्या आत बॅटरीच संपली. सगळे आतल्या पंख्याला नावं ठेवत होते. मला मात्र आमचा फुटलेला बांध आठवला. माझा इवलासा भाग काम उरकायला जिवाच्या आकांताने पळत होता, म्हणून जास्त व्होल्टेज मागत होता. तसेच दोन भाग शेजारी ठेवून सावकाश चालवले तर वीज वाचली असती, पण जागा दुप्पट गेली असती. सोमवारी आराखडा पक्का होणार होता. बोलायचं म्हणजे मिळालेली शाबासकी स्वतःच परत करायची.

रविवारी मी पाट पुन्हा खणला.

"आता कुठे मूळ धरलं होतं गं!" आई हळहळली. मलाही वाईट वाटत होतं.

सोमवारी मीटिंगमध्ये उभी राहिले. "चूक माझी आहे. हा भाग दुप्पट करू या."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "एवढी जागा कशाला?"

मी फळ्यावर आमची वाडी काढली, दोन्ही पाटांसकट. तासभर वाद झाला आणि साहेब कुरकुरत हो म्हणाले.

पुढचा नमुना मी घरी आणला तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. बाबांनी तो मांडीवर घेऊन अख्खा सिनेमा पाहिला. मग खालून हात लावून म्हणाले, "थंड आहे गं!" मला रडूच आलं.

"असेल थंड," आई म्हणाली, "पण माझी एक ओळ गेलीच की."