कुणालाच ठाऊक नसलेलं

अतिदक्षता विभागाच्या काचेआड दादाची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. त्याच्या फुफ्फुसांत जंतुसंसर्ग पसरला होता. संशोधनाचं काम पाहणाऱ्या डॉक्टर वहिनीसमोर येऊन बसल्या.

"दोन औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही वापरात आहेत. जास्त चांगलं कोणतं, ते शोधतोय. तुम्ही हो म्हणालात, तर यांना कोणतं द्यायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवेल."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" वहिनीने विचारलं.

"नाही. अजून कुणालाच नाही."

इतकं भयंकर काही इतक्या शांतपणे बोललेलं मी याआधी ऐकलं नव्हतं. आपण निर्धास्तपणे घेतो ते उपचारही कधीतरी असेच, कुणाच्या तरी शरीरावर चाचपडत सापडले असणार. त्या माणसांपैकी किती जण घरी परतले असतील?

वहिनीने काचेकडे पाहिलं. मग म्हणाली, "करा. पण उत्तर मिळालं की मला कळवा. हे असोत किंवा नसोत."

दादा त्याच आठवड्यात गेला. पुढे खूप दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. दोन्ही औषधांत काहीच फरक आढळला नव्हता.

"म्हणजे अजून शोधावं लागणार त्यांना. अजून कुणीतरी हो म्हणायला हवं," वहिनी म्हणाली, आणि शेजारी कुणी आजारी आहे का, असं उगाचच मला विचारत राहिली.