हळद्या की पिकलं पान

अर्धे मटार सोलून झाले होते, अर्धे परातीत तसेच होते, तेवढ्यात ताई उठल्या. गळ्यात दुर्बीण अडकवत म्हणाल्या, "चल गं, उजाडलं. मटार काही उडून जात नाहीत."

त्यांनी सोललेल्या मटारांच्या वाटीत मला एक हिरवी अळी दिसली. दाण्यांच्या गर्दीत अगदी दाणा होऊन बसली होती. मी ताईंना न सांगता खिडकी उघडली आणि तिला बाहेर सोडलं. तीही देवाचाच जीव.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात आणि फ्रेममध्ये बसवण्यात हयात गेली. गिऱ्हाइकाला आधी म्हणायच्या, "नवा राहू द्या, आहे तो पुसून बघा." मालक कपाळाला हात लावायचा. दुकानातली नोकरी सुटल्यावर त्यांनी बागेतल्या पक्षीगणनेत नाव घातलं. हिवाळ्यात दर रविवारी काही हौशी माणसं बाग आपसांत वाटून घेतात आणि दिसेल तो पक्षी मोजतात. ताईंच्या वाट्याला तळ्याचा काठ आला. घरातली पोरं तेव्हापासून त्यांना दुर्बीणआत्या म्हणतात. मी सोबत जाते ती यादी धरायला, असं आम्ही दोघी म्हणतो. खरं तर पायऱ्यांवर त्यांचा हात धरायला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात तारीख घ्या, ताई म्हणतात गणना संपू दे.

तळ्यावर धुकं पसरलं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बदकं मधल्या मधे तरंगत होती. रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते.

"तुझ्या देवाच्या तसबिरीत डोक्यामागे वलय असतं ना," ताई म्हणाल्या, "मला प्रत्येक दिव्यामागे दिसतं. बदकांमागेसुद्धा."

"मग तुम्हाला देवळात यायला नको."

"तेच तर म्हणते केव्हाची!"

आम्ही बाकावर टेकलो. तिथे बसलं की माझे डोळे आपसूक मिटतात. घरात नामस्मरणाला निवांतपणा मिळतोय कुठे! पापण्यांवर कोवळं ऊन आलेलं जाणवत होतं. आपण जागे आहोत की स्वप्नात, ते विचारावंसंही वाटत नव्हतं. इतक्यात ताईंची बोटं माझ्या मनगटावर आवळली.

"हळद्या," त्या कुजबुजल्या. "समोरच्या फांदीवर."

मी डोळे उघडले. फांदी हलत होती. झाडाची पानं पिवळी झाली होती, आणि त्यातलं एक गिरक्या घेत पाण्यावर उतरत होतं.

"गेला," ताई म्हणाल्या. "पिवळाधमक होता गं. साऱ्या झाडात त्याला एकट्यालाच ऊन लागल्यासारखा." त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर सगळे याद्या तपासून घेतात. गणनेचे प्रमुख पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी पेन थांबवलं.

"हळद्या? आपल्या तळ्यावर? ताई, पिकलं पान तर नव्हतं?"

दोघंतिघं हसली.

"पानाला चोच नसते, सर."

"चोच दिसली तुम्हाला?"

ताई दुर्बिणीच्या काचा पुसू लागल्या. मग कोणीच हसलं नाही. सर ओशाळून म्हणाले, "तसं नाही हो. पण इथे पूर्वी कधी न दिसलेला पक्षी नोंदवायचा तर दुसऱ्या कोणी पाहिलेला लागतो. वहिनी, तुम्ही होतात ना बाजूला? पाहिलात ना?"

त्यांना माझा होकारच हवा होता. पेन टेकवूनच ठेवलं होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या कानाच्या जरा पलीकडे. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "माझे डोळे मिटलेले होते. पण माझा विश्वास आहे. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवण्यातच माझा जन्म चाललाय."

"त्याला यादीत रकाना नाही, वहिनी."

यावर ताईच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "खोडा तो, सर." सरांनी ओळ खोडून यादी माझ्या हातात दिली.

परतताना त्या माझा हात न धरताच चालत होत्या. मीच विचारलं, "रागावलात?"

"हो म्हणाली असतीस तर रागावले असते." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "मला ऑपरेशनची भीती नाही गं. डोळे लख्ख झाले, आणि दोन हिवाळ्यांतले माझे सगळे पक्षी पानंच निघाले तर?"

"तर नव्याने मोजू."

"आणि ती वलयं जातील."

"जातील. देवाची राहतील."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. पायरी नव्हती, सपाट रस्ता होता. "सकाळी वाटीत अळी होती ना? मला दिसली नाही," त्या म्हणाल्या. "पण तू खिडकी उघडलीस ते ऐकू आलं हो मला."

घरी आल्यावर उरलेले मटार सोलायला बसलो. ताईंनी प्रत्येक दाणा आज बोटांनी चाचपून वाटीत टाकला. मी यादीवरची ती खोडलेली ओळ एकदा पाहिली. खोडली तरी वाचता येत होती.

उद्या सकाळी ताईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख घ्यायला जायचं आहे.