धोंडिराम सरांचं क्रियापद

औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या धोंडिराम सरांचा 'एक्स्पिडाइट' या शब्दावर भारी जीव. नळाच्या तक्रारीत हाच शब्द, गॅसवाल्याला फोन केला तरी हाच. वर्गात ते रंगून सांगत, "काम लवकर मार्गी लावणं, हा आजचा अर्थ. लॅटिनमधला मूळ अर्थ मात्र बेडीतला पाय मोकळा करणं."

सर स्वतः लई निवांत माणूस. मुलगी सुकन्याला हैदराबादला नोकरी लागली, तरी तिला पाठवायचं म्हटलं की त्यांचं एकच पालुपद, "विचार करायलोय की." कंपनीचा पुन्हा फोन आला, तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अप्पा, एक्स्पिडाइट म्हंजे काय हो?"

सरांनी सवयीनं सुरुवात केली, "एक्स म्हणजे बाहेर, पेड म्हणजे पाय. अडकलेला पाय..." आणि त्यांची नजर समोर बसलेल्या लेकीवर गेली. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी गुणाबाईंना हसू आवरेना.

"कधी हजर व्हायचं हाय?" सरांनी हळूच विचारलं.

"सोमवारी."

रविवारी गाडी दुपारची होती, पण सर सकाळपासूनच तिची बॅग घेऊन स्टँडवर बसले. गाडी सुटताना मात्र त्यांनी खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला बजावलं, "सावकाश जाऊ द्या बरं का. घाई न्हाई."