चष्म्यातला सहादू

सहादूला कुणी कधी कोच म्हटलं नाही. पेठ तालुक्यातला हा गडी नाशिकच्या एका धावण्याच्या अकादमीत बारा वर्षं एकच काम करत होता: पोरींच्या पुढं पळायचं. चार मिनिटांत किलोमीटर म्हणजे चारच मिनिटांत, घड्याळ न बघता. पण खरी करामत त्याच्या कानात होती. मागच्या पावलांचा आवाज ऐकूनच तो म्हणायचा, "तेजल, डावा पाय वाचवतेस. थांब." आणि स्वतःही थांबायचा. कोच आल्हाद सर चिडायचे. पण बारा वर्षांत एकाही पोरीचं हाड मोडलं नाही, ते कुणामुळं, हे त्यांच्या डोक्यात आलं असेल तर शपथ!

मग ते चष्मे आले. डोळ्यांवर चढवले की रस्ता खराच दिसायचा, फक्त त्यावर एक हिरवा माणूस पुढं पळत असायचा. तो सहादूच! अंगभर सेन्सरचे पट्टे बांधून त्याला तीन दिवस पळवला आणि चष्म्यात घातला. "मागं बघू नकोस रे, रेकॉर्डिंग बिघडतं," सर ओरडले. जन्मात पहिल्यांदा तो मागं न बघता पळाला. वेडा खुशीत होता. नवा टी-शर्ट मिळाला म्हणून गावी फोन केला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!

आठवड्याभरात चष्मे चार्ज करायचं आणि बाटल्या वाटायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

त्याची सख्खी भाची वैष्णवी तिथंच होती. "मी पुढं हाय ना, काळजी करू नको," असा बहिणीला, लंकाबाईला, शब्द देऊन त्यानंच तिला आणलेलं. राज्याच्या निवड चाचणीला पंधरा दिवस राहिले होते. एका सकाळी ती चष्मा लावून समोरून गेली आणि सहादूनं कान टवकारले. उजवं पाऊल दबकत पडत होतं.

"सर, नडगी दुखतेय तिची. थांबवा."

"वेग बरोबर आहे. तू बाटल्या बघ."

त्यानं बाटल्या बघितल्या. इथंच डोकं फिरतं! फेकायच्या होत्या त्या, आडवं व्हायचं होतं पोरीच्या वाटेत. पण बारा वर्षं 'हो सर' म्हणून वळलेली जीभ, तिला 'नाही' कुठून सुचणार?

चौथ्या दिवशी चढावर वैष्णवी कोसळली. सरांनी आधी चष्मा उचलून काच शाबूत आहे का ते पाहिलं, मग पोरीला. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आधीचीच, पळून पळून मोडलं. निवड चाचणी तर गेलीच. पुन्हा पळेल की नाही, सांगता येत नाही.

लंकाबाई एसटीनं आली. आरडाओरडा केला नाही, लेकीच्या उशाशी बसली. "एवढं दुखत व्हतं, तर थांबली का नाय गं?"

"मामा थांबला नाय ना," वैष्णवी म्हणाली. "पाय बिघडला की मामा थांबतोच. तो पळत व्हता, म्हणून मीपण पळले."

लंकाबाईनं मान वर करून खाटेच्या पायथ्याशी उभ्या भावाकडं बघितलं. "दादा, तू पुढं व्हतास?"

सहादूला नाही म्हणता येईना.